तानाबे-सानच्या विटा

संध्याकाळचं जेवण आटोपलं, भांडी धुऊन पालथी घातली, की तानाबे-सान स्वयंपाकघराच्या मधोमध ताठ उभ्या राहायच्या. उजवा हात खांद्यातून सरळ पुढे काढायच्या, गॅसच्या बटणाकडे बोट करायच्या आणि फलाटावर उभ्या असल्यासारख्या मोठ्यानं म्हणायच्या, "गॅस, योशी!" योशी म्हणजे ठीक. मग नळाकडे बोट. "पाणी, योशी!" मग मागच्या दाराची कडी. "कडी, योशी!" घरात दुसरं माणूस नाही, ऐकणारं कुणी नाही, तरी आवाज असा खणखणीत, की बोळाच्या पलीकडे आमच्या हॉटेलच्या मोरीत भांडी घासणारी माझी बायको हात थांबवून ऐकत राहायची.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा इंदू मला म्हणाली, "अवो, म्हातारी कुणावर आरडतीया?"

"घरावर."

"घरानं काय केलंय तिचं?"

मला तरी काय ठाऊक. पुढं कळलं की तिचे यजमान रेल्वेत होते. जपानच्या रेल्वेतला माणूस सिग्नल नुसता बघत नाही. बोट करतो आणि तोंडानं म्हणतो. डोळा फसवतो, पण बोट आणि तोंड एकत्र फसवत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यजमान गेले, पण ते बोट घरात राहिलं. रोज सगळ्यात शेवटी तानाबे-सान स्वयंपाकघर सोडून पुढच्या दाराकडे जायच्या. तिथून आणखी एक "योशी" यायचं आणि घर काळं व्हायचं. ते शेवटचं बोट कशाकडे असायचं, ते मोरीच्या खिडकीतून दिसत नसे.

आता माझं सांगतो. मी जयसिंगपूरचा. शाळा चौथीपर्यंत. पुढं साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली राहिलो आणि मग स्वतः वायरमन झालो. इंदूच्या भावानं जपानात मात्सुमोतो गावी हॉटेल काढलं, त्याला तंदूरवर भरवशाचं माणूस पाहिजे होतं, म्हणून नव्वद सालानंतर आम्ही नवराबायको तिकडं गेलो. हॉटेलच्या माडीवरच राहायचो. पण हातातली वीज काही सुटली नाही. गल्लीत कुणाचा पंखा बंद पडला, कुणाची इस्त्री पेटेना, की मी पिशवी घेऊन हजर. मला तिथला परवाना नव्हता. परवाना कागदाला असतो. माझ्या बोटांना वायर कळते, हे मी कुणापुढंही म्हणेन.

तानाबे-सानची आणि माझी ओळख भांडणातून झाली. चुकीच्या वारी कचरा टाकला म्हणून त्यांनी आमची पिशवी उचलून परत आमच्या दारात आणून ठेवली. नुसती ठेवली नाही, दार वाजवून माझ्या हातात दिली. वर म्हणाल्या, "तुमच्या देशात कचऱ्याला वार नसतो काय?" माझी जपानी भाषा ऐकून ऐकून शिकलेली, मोडकी. मी म्हणालो, "आमच्याकडं माणसालाच वार नसतो, कचऱ्याला कुठला?" त्या हसल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी मी हॉटेलच्या पाटीचा दिवा बदलायला शिडीवर चढलो, तर खाली शिडी कुणीतरी घट्ट धरलेली. बघतो तर ह्याच. मी उतरेपर्यंत हलल्या नाहीत. उतरल्यावर म्हणाल्या, "शिडी धरणारं माणूस शोधून मग चढावं. पडलेल्या माणसाची सगळ्यांना अडचण होते."

अडचण हा त्यांचा फार मोठा शब्द. स्वतः मरतील, पण दुसऱ्याची अडचण करणार नाहीत. इंदूनं लिंबाचं लोणचं दिलं, की बरणी रिकामी कधी परत यायची नाही. दुसऱ्याच दिवशी तीत त्यांनी मुरवलेली खारट आंबट फळं असायची. इंदू म्हणायची, "ही बाई कुणाचं काही अंगावर ठिवून घेत न्हाई बगा. देवानं दिलेला श्वास पण परत करत असंल."

त्यांचा एकुलता मुलगा केन्जी. टोकियोत कचेरीत होता, राहायला इचिकावाला. चांगला मुलगा, आईची काळजी करणारा. मात्सुमोतोची थंडी म्हणजे बर्फ थोडा आणि गारठा फार. रात्री नळ मोकळा केला नाही तर पाइप फुटतो. आई रॉकेलचा स्टोव्ह पेटवते, एक दिवस घर पेटवेल, ही केन्जीची धास्ती. त्यानं त्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर स्टोव्ह उचलून नेला आणि आईच्या बैठकीत खिडकीखाली विजेचा नवा हीटर बसवून दिला.

असला हीटर आपल्याकडं कुणी बघितला नसेल, म्हणून सांगतो. दिसायला लोखंडी बुटकं कपाट. आत काळ्या, शिशासारख्या जड विटा रचलेल्या. विटांच्या मधून तापणाऱ्या कांड्या. रात्री सगळं गाव झोपलं की वीज मोकळी असते, तेव्हा ह्या कांड्या विटा तापवतात. इतक्या, की हात लावला तर कातडी चिकटावी. सकाळी वीज बंद होते आणि विटा दिवसभर ती ऊब थोडी थोडी सोडत राहतात. खाली एक लहान पंखा असतो, तो ऊब खोलीत ढकलतो. रात्रीची वीज दिवसा वापरायची. डोकं चालवलेलं होतं करणाऱ्यानं.

पण तानाबे-सानच्या घरी तो हीटर गरमच होईना. सकाळी बघावं तर विटा गार. पंखा फिरतो, पण थंड वारा. कंपनीचा माणूस दिवसा आला, बघून गेला, ठीक आहे म्हणाला. पुन्हा आला, पुन्हा तेच म्हणाला. केन्जी फोनवर चिडला. नवीन वर्षाला मी येतोय, म्हणाला, तेव्हा घर गरम नसेल तर आई, तू माझ्याबरोबर इचिकावाला चल. एकटीनं गारठ्यात राहू देणार नाही.

हे मला तानाबे-साननी स्वतः सांगितलं. हॉटेलच्या मागच्या दाराशी उभ्या राहून. अंगात कापूस भरलेला जाड अंगरखा, ओठ निळे पडलेले. "इचिकावाला माझ्या खिडकीतून समोरच्या माणसाची खिडकी दिसते," म्हणाल्या. "मी ह्या घरात नवरी होऊन आले. इथून मला एकदाच जायचंय."

मी पिशवी घेऊन गेलो. इंदू मागून ओरडली, "चवथी शिकलेला माणूस जपानची मशीन उघडतोय! देवा, म्हातारीला सांभाळ!"

आधी जाळी काढली. धूळ होती, साफ केली. पंखा ठीक. टर्मिनल आवळून बघितले, एकही सैल नाही, काळा पडलेला नाही. जास्त तापलं तर तोडणारं एक बटण असतं, ते जागच्या जागी. मग विटा काढायला घेतल्या. एकेक वीट वर्तमानपत्रावर मांडत गेलो. कांड्या मोकळ्या केल्या आणि मीटर लावून एकेक तपासली. एकही तुटलेली नाही. जळका वास नाही. लोखंडाचा नवा वास तसाच.

एक गोष्ट मात्र मला खटकली. माझी शिडी न सांगता धरणारी ती बाई. विटांचं काम निघाल्यावर मदतीला येईल असं वाटलं होतं. तर त्या बैठकीच्या दारातच उभ्या. हात बाह्यांत घातलेले. एक पाऊल आत टाकेनात. मी म्हणालो, "ती तेवढी वीट द्या." त्या म्हणाल्या, "तुमची तुम्हीच घ्या."

सगळं पुन्हा बसवल्यावर त्यांनी विचारलं, "यंत्र वाईट आहे ना, दत्तू-सान?"

"नाही. यंत्र चांगलं आहे."

"तुम्ही केन्जीला सांगाल का, की वाईट आहे? तो घेऊन जाईल. माझा स्टोव्ह परत देईल."

मला राग आला. "चांगल्या यंत्राला वाईट म्हणायला मी शिकलो नाही, तानाबे-सान. दोष असेल तर मी शोधीन. नसेल तर मी खोटं बोलणार नाही."

"फार हट्टी आहात," त्या म्हणाल्या.

"तुम्ही कमी नाही."

दोनदा तीनदा गेलो. बाहेरची पेटी बघितली, मीटर बघितलं, जमिनीखालची तार ओढून बघितली. मेहुणा म्हणाला, भाऊजी, सोडा आता, तंदूर थंड पडतोय. मी सोडणाऱ्यातला नव्हे. आणि खरं कारण माझ्या डोक्यात येईना, ते का, हेही सांगतो. आमच्या गावाकडं वीज बंद करायला माणूस लागत नाही. ती आपली आपण जाते. बोर्डाकडून जाते, झाडाच्या फांदीनं जाते, वाऱ्यानं जाते. आली की आम्ही तिला हात जोडतो. आलेली वीज माणूस आपल्या हातानं घालवेल, हे माझ्या सात पिढ्यांच्या मनात येणार नाही. म्हणून मी तारेत शोधत राहिलो, माणसात बघितलं नाही.

बैठकीत टीव्हीखाली कॅसेटचा एक व्हिडिओ होता, केन्जीनं दिलेला. त्याच्या तोंडावर हिरव्या आकड्यांचं घड्याळ. ते कायम चुकीचं. सकाळी जावं तर पहाटेची वेळ दाखवतंय, दुपारी जावं तर सकाळची. मी म्हणायचो, म्हातारं माणूस, लावता येत नसेल. एक दिवस सकाळी गेलो, काम सोडून ते घड्याळच बघत बसलो. आणि डोक्यात लख्ख झालं. घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. वीज जाऊन आली की ते शून्यापासून सुरू व्हायचं, आणि ते रोज पहाटे नव्यानं जन्माला येत होतं.

उठलो आणि पुढच्या दाराकडं गेलो. दाराच्या वर, उंचावर, बटणांची पेटी. खाली कोपऱ्यात एक वेळूची काठी उभी, टोकाला खाच. ही मी रोज बघत होतो. कोळ्याची जाळी काढायची असेल असं समजलो होतो. पेटीतल्या सगळ्या बटणांवर धूळ. सगळ्यांवरचं, घरभराची वीज तोडणारं जे मेन, तेवढं चकचकीत, हातातल्या नाण्यासारखं.

तानाबे-सान मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"रोज रात्री तुम्ही मेन पाडता," मी म्हणालो.

"हो."

"हीटर रात्रीच तापतो. हे तुम्हाला माहीत आहे."

"केन्जीनं सांगितलंय."

"मग मला कशाला विटा काढायला लावल्या?"

"मी नाही लावल्या. तुम्ही काढल्यात." मग थोडं थांबून म्हणाल्या, "बसा. चहा घ्या. तुम्हाला माझं बोलणं अर्धंच कळतं, म्हणून तुम्हाला सांगते. पूर्ण कळणाऱ्याला सांगता आलं नाही."

त्यांनी जे सांगितलं ते मला पूर्ण कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं.

लढाईच्या वेळी त्या टोकियोत होत्या, कालव्यांच्या वस्तीत, वयानं पोरसवदा. कारखान्यात रात्रपाळी करायच्या. एका रात्री विमानं आली आणि सगळी वस्ती जळाली. ह्या कामावर होत्या, म्हणून वाचल्या. सकाळी घराकडं आल्या तर घर नाही, गल्ली नाही, काहीच नाही. उभं होतं ते फक्त सार्वजनिक न्हाणीघर, विटांचं. त्याच्या भिंती तेवढ्या राहिलेल्या. हिवाळा सरला नव्हता, अंगात कुडकुडी भरलेली, अंगावर पातळ कपडे. त्या भिंतीपाशी गेल्या तर विटा गरम. त्यांनी दोन्ही हात भिंतीला लावले. मग पाठ लावली. बरं वाटलं, म्हणाल्या. फार बरं वाटलं. कितीतरी वेळ तशाच शेकत उभ्या राहिल्या.

नंतर माणसं आली आणि न्हाणीघराचं दार फोडलं. आग लागल्यावर गल्लीतली माणसं आत शिरली होती, विटांचं घर जळणार नाही म्हणून. तानाबे-सानची आई आत होती. धाकटी बहीण आत होती.

चहाचा पेला त्यांनी खाली ठेवला. "वीट आग विसरत नाही, दत्तू-सान. आग विझते. वीट धरून ठेवते. मी झोपलेली असताना माझ्या घरात विटा तापत बसलेल्या मला चालणार नाहीत."

मी म्हणालो, रात्रीचं सोडा, दिवसाच्या तारेवर जोडून देतो, तुम्ही जाग्या असताना तापेल. त्या म्हणाल्या, "दिवसा काय त्या विटा नसतात?" मग त्यांनी माझ्याकडून शब्द घेतला. केन्जीला सांगायचं नाही. "तो लहानपणापासून माझा हात धरून झोपलाय. हेच हात मी त्या भिंतीला लावले होते. त्याला सांगू नका." मी शब्द दिला.

पण नवीन वर्ष जवळ येत होतं आणि घर गरम दिसायला हवं होतं. त्यावर त्यांनी स्वतःच तोड काढली. "मी जागी असेन तर चालेल," म्हणाल्या. "कुणीतरी जागं पाहिजे." केन्जी येण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मेन पाडलं नाही. सकाळी आम्ही बघितलं, तर त्या स्वयंपाकघरात, हीटरपासून जितकं लांब बसता येईल तितक्या लांब, त्याच्याकडं पाठ करून, गुडघे मोडून ताठ बसलेल्या. डोळे लाल. सत्तरी ओलांडलेली बाई रात्रभर राखणीला बसली होती. घर मात्र आमच्या तंदूरसारखं उबदार झालेलं.

केन्जी आला, खूश झाला. मला वाकून वाकून नमस्कार केला. "हिंदुस्थानी माणसानं दुरुस्त केला!" असं फोनवर बायकोला सांगितलं. आम्हा दोघांना शेवया खायला बोलावलं. इंदू तानाबे-सानकडं बघून मला हळूच म्हणाली, "आजी बसल्या जागी पडतील वो. त्यांना झोपू द्या म्हणावं." पण झोपा म्हणायचं कसं? त्या रात्रीही त्या बसल्या. केन्जीला वाटलं, आईला सणाची झोप येत नाही.

पुढच्या रात्री शरीरानं ऐकलं नाही. माणूस दमला की त्याचा मेंदू झोपतो आणि सवय जागी राहते. मोरीतून आम्ही ऐकलं. गॅस, योशी. पाणी, योशी. कडी, योशी. मग पुढच्या दारातून ते चौथं, आणि घर काळं झालं. इंदूनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं.

सकाळी केन्जी गारठ्यानं उठला. मेन खाली पडलेलं, काठी तिथंच. मुलगा हुशार, त्याला घड्याळाची गरज पडली नाही. मला बोलावणं आलं.

"आई, का पण?" तो विचारत होता. आवाज चढलेला नव्हता, रडवेला होता. "सगळा हिवाळा तू अशी राहिलीस? का?"

"कारण काही नाही. सवय आहे."

"सवय? बाहेर पाणी गोठतंय आणि तू सवय म्हणतेस?" मग माझ्याकडं वळून, "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"मग कारण सांगा."

मी तानाबे-सानकडं बघितलं. त्या खाली चटईकडं बघत होत्या. मी म्हणालो, "कारण माझं नाही, मी कसं देऊ? पण केन्जी-सान, त्यांना त्यांच्या मनासारखं राहू द्या. हा हीटर काढा. स्टोव्ह परत द्या. शेजारी म्हणून मी लक्ष ठेवीन."

त्यानं मान हलवली. "म्हातारी माणसं रात्रीच्या गारठ्यानं मरतात, दत्तू-सान. दर वर्षी मरतात. मी इचिकावाला असतो. मला रात्री झोप लागायला पाहिजे." त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्या आईनं तसं केलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो. तडजोड म्हणून त्यानं इचिकावाचा विषय सोडला. तू इथंच राहा, म्हणाला, पण पेटी माझ्या ताब्यात. बाजारातून लोखंडी झाकण आणलं, मेनवर बसवलं, कुलूप घातलं आणि किल्ली खिशात घालून टोकियोची गाडी पकडली.

तानाबे-साननी वाकून त्याचे आभार मानले. घर राहिलं होतं ना.

त्यानंतर हीटर असा चालला की काय सांगू. सकाळी त्यांच्या छपराच्या कडेला लोंबणारे बर्फाचे सुळे सगळ्या गल्लीत आधी वितळायचे. खिडकीच्या काचा घामेजलेल्या. कंपनीचा माणूस येऊन बघून गेला आणि समाधानानं मान डोलावून गेला. संध्याकाळी मोरीत आम्ही ऐकायचो. गॅस, योशी. पाणी, योशी. कडी, योशी. आणि मग काहीच नाही. दिवा नुसता विझायचा. इंदूचे हात साबणात तसेच थांबलेले असायचे. म्हणायची, "आज बी न्हाई म्हणाली."

त्या दिवसेंदिवस वाळत गेल्या. विटा तापताना आतलं लोखंड टक टक वाजतं, पत्रा ताणल्यासारखं. तानाबे-सान म्हणाल्या, "ते दार वाजवतात." एवढंच. कोण, ते मी विचारलं नाही.

इंदूनं किती वेळा म्हटलं, "आजी, रात्री आमच्याकडं झोपायला या." मोडक्या जपानीत, हातवारे करून, उशी दाखवून. त्या हसायच्या आणि इंदूचा हात थोपटायच्या. "मला घर आहे," म्हणायच्या. "घर असलेल्या माणसानं दुसऱ्याच्या दारात झोपू नये. अडचण होते."

शेवटी मी पेचकस आणि कानस घेऊन गेलो. ते कुलूप म्हणजे पोरखेळ होता. स्टुलावर चढलो. खालून स्टूल कुणीतरी घट्ट धरलं. बघितलं, तर तानाबे-सान. मला वाटलं, मदत करताहेत.

"उतरा, दत्तू-सान."

"दोन मिनिटांचं काम आहे."

"माहीत आहे. उतरा. ते मुलाचं कुलूप आहे."

"मुलाला काय कळतंय! मी त्याला सांगतो, मी तोडलं म्हणून. माझ्यावर रागवू दे."

"त्यानं माझ्या काळजीनं घातलंय. ते तोडलं तर त्याला वाटेल, त्याची काळजी तोडली." स्टूल त्यांनी सोडलं नाही. "मी त्याला कारण सांगत नाही, तो मला किल्ली देत नाही. फिटलं. तुम्ही मध्ये येऊ नका."

मी उतरलो. माझ्या उभ्या जन्मात दुसऱ्याच्या सांगण्यावरून मी काम सोडून खाली उतरलो तो तेवढा एकदाच.

त्यानंतरची एक सकाळ. इंदू कचरा ठेवायला गेली होती, बरोबर वार बघून. धावत परत आली ती अनवाणी. तिला बोलता येईना. मी बोळातून त्यांच्या अंगणात गेलो.

घराच्या बाहेरच्या अंगाला लाकडी ओसरी होती. तानाबे-सान तिथं बसल्या होत्या. बंद दाराकडं तोंड करून, गुडघे मोडून, ताठ. अंगाला रजई गुंडाळलेली, केस विंचरलेले. रजईवर दव गोठून पांढरी साय धरलेली. दाराची कडी बाहेरून लावलेली होती, विसरून नव्हे, नीट लावलेली. हात बाह्यांत घातलेले. मी हात लावला तेव्हा त्या दगडासारख्या गार होत्या.

आत घर उबदार होतं.

डॉक्टर आला, पोलीस आला. पोलीस तरुण, सभ्य. त्यानं बैठकीत जाऊन हीटर बघितला आणि मला विचारलं, "गल्लीत म्हणतात, तुम्ही हा दुरुस्त करायला येत होता. हा चालत नव्हता का?"

मी पत्र्यावर तळहात ठेवला. ठेववेना, इतका तो गरम होता.

"चालतोय," मी म्हणालो. "ह्यात काही दोष नाही."

केन्जी दुपारच्या गाडीनं आला. आईजवळ बसला, मग उठून घरभर फिरला. खिडक्या, गॅस, नळ, सगळ्याला हात लावत. माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "आता सांगा," म्हणाला. ज्यांना शब्द दिला होता त्या पलीकडच्या खोलीत पांढऱ्या कापडाखाली होत्या. मी सांगितलं. माझ्या मोडक्या जपानीत, जेवढे शब्द येत होते तेवढ्यात. कारखाना, सकाळ, न्हाणीघर, हात. ऐकून झाल्यावर त्यानं स्वतःचे हात उलटे सुलटे करून बघितले, बराच वेळ.

मग दिवेलागणीला त्यानं खिशातून किल्ली काढली. पेटीचं झाकण उघडलं आणि बाजूला झाला. "मला जमणार नाही," म्हणाला. "तुम्ही करा. आणि त्या विटा घेऊन जा इथून."

मी कोपऱ्यातली वेळूची काठी घेतली. खाच मेनला लावली. घरात इतकी माणसं जमलेली. बोळाच्या पलीकडं मोरीच्या खिडकीत इंदू उभी असणार, हे मला ठाऊक होतं. मेन खाली ओढलं. घर काळं झालं. मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात खांद्यातून सरळ पुढं काढला, बोट केलं आणि तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "मेन, योशी!"

विटा मी लगेच काढू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा त्या कोमट होत्या.